लाइनवाली अक्का

"बाई, लाइटनिंग कॉल पाहिजे. मुंबई. आत्ताच्या आत्ता. आम्ही उपमंत्री बोलतोय."

आवाज असा भारदस्त, की मी खुर्चीत आपोआप सरळ बसले. घशात किंचित खरखर, दर शब्दाआधी एक लांब श्वास, आणि 'बाई' म्हणतानाचा सूर तर असा, की मला साडीचोळीच करताहेत! पाटबंधारे खात्याचे उपमंत्री त्या दिवशी सोलापुरात आहेत हे सकाळी पेपरात मीच वाचलं होतं. पण माझ्यासमोर बोर्डावर दिवा लागला होता तो एसटी स्टँडच्या कंट्रोल केबिनचा. म्हणून मी विचारलंसुद्धा, "साहेब, एसटी स्टँडवरनं?"

"पाहणी चालली आहे, बाई. मंत्र्यानं पाहणीही करायची नाही काय?"

झालं! मी कॉल जोडून दिला.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. तेव्हा मुंबईला बोलायचं म्हणजे आमच्या टेलिफोन ऑफिसात नंबर बुक करायचा आणि वाट बघत बसायचं. साधा कॉल सकाळी लावला तर संध्याकाळी लागायचा. अर्जंटला दुप्पट पैसे. आणि लाइटनिंग म्हणजे सगळ्यांच्या डोक्यावरून उडी, ती बड्या लोकांची. मी बोर्डावर बसायची, कानाला हेडफोन, हातात प्लग. माझं नाव वच्छला. वय तेवीस. नाव आजीचं ठेवलं, राग कुणाचा घेतला ते घरात कुणालाच माहीत नाही.

अर्ध्या तासानं सरकारी विश्रामगृहाचा दिवा लागला. "उपमंत्र्यांचा पी.ए. बोलतोय. साहेबांना मुंबई हवी."

"पुन्हा? आत्ताच तर साहेबांना एसटी स्टँडवरनं जोडून दिली!"

"काय बोलताय? साहेब सकाळपासून इथंच आहेत. आत्ता जेवायला बसलेत."

माझ्या कानशिलावर घाम फुटला. आमच्या सुपरवायझर गोदावरीबाई मागे येऊन उभ्या राहिल्याच होत्या. दुपारी माझ्या हातात मेमो पडला. खातरजमा न करता लाइटनिंग कॉल दिल्याबद्दल खुलासा करा म्हणे. सगळ्या मुली माना खाली घालून हसत होत्या. ड्यूटी संपली तशी मी पर्स काखोटीला मारली आणि तडक एसटी स्टँड गाठलं. चैत्रातलं सोलापुरी ऊन, चपलेतून चटका लागत होता. पण तळपायाची आग आधीच मस्तकाला गेली होती, उन्हाला कोण विचारतो!

कंट्रोल केबिनमध्ये एकच माणूस होता. गाड्या पुकारायचं काम त्याच्याकडे. किडकिडीत, सावळा, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मला बघून उठला आणि टेबलाला मांडी आपटून पुन्हा बसला.

"उपमंत्री तुम्हीच का?" मी विचारलं.

"आं… बाई… त्याचं काय झालं—"

"काय झालं ते मी सांगते! माझ्या बोर्डावर सकाळपासून माणसं खोळंबलीत. एकाचा बाप मुंबईच्या इस्पितळात आहे, तो सकाळपासून रडवेला होऊन बसलाय. एका बाईचा नवरा महिना झाला घरी नाही. त्या सगळ्यांच्या डोक्यावरून मी तुम्हाला पलीकडे नेलं. का? तर तुम्ही मंत्र्याच्या आवाजात बोललात म्हणून! आणि खरा मंत्री असता तर काय झालं असतं हो? त्याच्या आवाजाला काय सोनं लागलंय? ज्वारीच्या जिल्ह्यात लोकांना रेशनवरची अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खायला घालता, आणि वर लाइन पण तुम्हालाच आधी? साहेब असाल तुमच्या घरी! माझ्या बोर्डावर रांग म्हणजे रांग!"

मी श्वास घ्यायला थांबले. बाहेर एवढं मोठं स्टँड, पण चिडीचूप. आणि मग एकदम शिट्ट्या, टाळ्या! खिडकीशी एक फेटेवाले आजोबा येऊन म्हणाले, "थांबलीस का गं माय? आजून बोल की!"

तो माणूस हळूच म्हणाला, "बाई… माईक चालू हाय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. अख्ख्या स्टँडनं ऐकलं होतं. त्यानं घाईघाईनं बटण बंद केलं, आणि माझ्याकडे असा बघत राहिला, की मला पदर सारखा करावा लागला. डोळे मात्र त्याचे… असू दे. चांगले होते, एवढंच सांगते.

"म्या महिपती," तो म्हणाला. "मंगळवेढ्याचा. बाई, चुकलंच माझं. पर त्यो फोन लई गरजेचा हुता. मुंबईला टेलिव्हिजनवाल्यांनी नकला बघितल्या हुत्या माझ्या, त्याचा निकाल आज दुपारपतुर कळणार हुता. साधा कॉल लागंपतुर त्यांचं हापिस बंद झालं असतं."

"मग?" मी विचारलं. खरं तर विचारायला नको होतं.

"घेतलं मला." हे सांगताना त्याचा आवाज इतका बारीक झाला, की मंत्र्याचा तो आवाज ह्याच गळ्यातून निघाला होता ह्यावर विश्वास बसेना. शर्टाचं एक बटण तो सारखं पिरगळत होता. दुसऱ्याच्या आवाजात वाघ आणि स्वतःच्या आवाजात असा! मला त्याचाही राग आला.

"आणि माझा मेमो?"

"त्यो म्या बघतो की."

दुसऱ्या दिवशी तो खरंच आमच्या ऑफिसात आला आणि गोदावरीबाईंसमोर उभा राहून सगळं कबूल करून गेला. माझा मेमो मागे घेतला. त्याला एसटीनं निलंबित केलं. मी फाटकापाशी त्याला गाठलं आणि पुन्हा चिडले, "नोकरी घालवून बसलात ना! कुणी सांगितलं होतं एवढं खरं बोलायला?"

"तुमीच की," तो म्हणाला. "कालच तर बोललात. रांग म्हंजी रांग. मग चुकी केली की शिक्षेची रांगबी आलीच."

मला हसू आलं. ते त्याला दिसू नये म्हणून मी तोंड फिरवलं. पण दिसलंच त्याला.

तो मुंबईला जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही कंबर तलावाच्या काठावर बसलो होतो. मध्ये माझी पर्स. त्यानं भाजलेल्या शेंगांचा पुडा आणला होता आणि शेंगा सोलून सोलून दाणे माझ्या पर्सवर ठेवत होता. पाण्यावरनं गार वारा येत होता. कमळं मिटायला लागली होती. मी एकही दाणा उचलला नाही, आणि थोड्या वेळानं बघते तर दाणे संपलेले. माझ्याच तोंडात शेंगदाणा होता.

महिपती घसा खाकरून उठून उभा राहिला. एकदम उपमंत्र्याच्या आवाजात म्हणाला, "वच्छलाबाई, आपल्याला कळवण्यास आम्हाला अत्यंत आनंद होतो की—"

"स्वतःच्या आवाजात बोला!"

त्यानं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. बटण पिरगळलं. मी वाट बघत होते. पाण्यात एक बेडूक डुबुक करून गेला, तेवढ्यानंसुद्धा मी दचकले.

"…दर गुरवारी फोन करीन," तो म्हणाला.

एवढंच! घरी जाईपर्यंत मी त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होते. आणि मनातल्या मनात गुरुवार कधी ते मोजत होते.

मुंबईची लाइन आमच्याकडे पुण्यावरून यायची. पुण्याच्या बोर्डावर रुक्मिणी नावाची मुलगी असायची. आम्ही एकमेकींना कधी पाहिलेलं नव्हतं, पण रोज दिवसभर एकमेकींच्या कानात बोलायचो. दर गुरुवारी दुपारी तिचा आवाज यायचा, "सोलापूर, घे बाई तुझा मंगळवेढा." आणि मग ती लाइनवरून बाजूला व्हायची. निदान असं म्हणायची तरी. मध्येच कुणीतरी फिस्सकन हसलं की मला कळायचं, ही ऐकतीय.

"काय म्हणताय वच्छलाबाई? आज कशाचा राग आलाय?" त्याचा पहिला प्रश्न हाच.

आणि मला रोज कशाचा ना कशाचा राग आलेलाच असायचा. नळाला चार दिवसांनी पाणी आणि पुढाऱ्याच्या बंगल्यावर कारंजं. रॉकेलच्या रांगेत बाया आणि रॉकेलचा टँकर भाषणाच्या मंडपामागे. रेल्वेचा संप झाला तेव्हा तर मी असा तोंडाचा पट्टा सोडला, की रुक्मिणी मधूनच म्हणाली, "अगं, हळू!" तो ऐकत राहायचा. मध्येच म्हणायचा, "पुन्हा म्हणा की ते. कारंज्याचं." मला वाटायचं, किती मन लावून ऐकतो हा माणूस! घरात कुणी ऐकत नाही, ऑफिसात कुणी ऐकत नाही, हा एवढ्या लांबून पैसे भरून ऐकतो. त्याचं टेलिव्हिजनवर नाव होत होतं हे मला कळत होतं. काय करतो विचारलं की म्हणायचा, "राजकारणावर नकला. असंच कायबाय." सोलापुरात टेलिव्हिजन कुठे होता तेव्हा! मुंबईत दिसायचा, पुण्यात दिसायचा, आमच्याकडे नुसतं नाव.

"तुमी चिडलात की मला लई बरं वाटतं," तो एकदा म्हणाला.

"हे काय बोलणं झालं?"

"खरंच की. तुमी चिडला की वाटतं… कुणीतरी हाय."

त्या दिवशी मी तीन चुकीचे नंबर जोडले.

दिवाळीला दादरची मावशी आली. फराळाचं ताट पुढे ओढता ओढता माझ्याकडे बघून हसायला लागली. "अगं वच्छी, टीव्हीवर तुझ्यासारखीच एक बाई येते! म्हणजे बाई नव्हे, पुरुषच आहे तो, साडी नेसून येतो. 'लाइनवाली अक्का'! कानाला हेडफोन, पुढ्यात फोनचा बोर्ड. मंत्र्यांचे फोन येतात आणि ही बया त्यांना असं झापते, असं झापते! मंत्र्याचा आवाजही तोच काढतो. परवा म्हणाली, 'साहेब, आमच्या नळाला पाणी नाही आणि तुमच्या कारंज्याला सर्दी झालीय म्हणे!' आणि शेवटी, 'साहेब असाल तुमच्या घरी!' म्हणते आणि खाडकन प्लग काढते. आमच्या इमारतीतली पोरंसुद्धा आता तसंच म्हणतात."

माझ्या हातातली चकली मोडली.

आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, नागरिकशास्त्राचे मास्तर होते. मावशी झोपायला गेल्यावर त्यांनी चष्मा काढून मला विचारलं, "एवढी का धुमसतेस? तुझी वाक्यं घेतली म्हणून, की विचारलं नाही म्हणून?"

"दोन्ही! आणि अक्का? अक्का म्हणे! मनात काय आणि तोंडी काय मेल्याच्या!"

दादांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि चष्मा पुन्हा लावला. "अस्सं," म्हणाले. मला तेव्हा कळलं मी काय बोलून बसले ते. मी तरातरा आत निघून गेले आणि उगाच भांडी घासत बसले.

गुरुवारी रुक्मिणीनं लाइन दिली. तो म्हणाला, "काय वच्छलाबाई, आज कशाचा—"

"तुमचा!" मी ओरडले. "तुमचा राग आलाय! मी इकडे जीव तोडून बोलते आणि तुम्ही तिकडे साडी नेसून ते विकता? मला वाटलं माणूस ऐकतोय. माणूस कसला, तुम्ही तर उधारीवर भांडण नेत होता! मी तुमची कोण आहे? दर गुरुवारचा माल? आणि अक्का? मी तुमची अक्का?"

"आवो… ऐका तरी… तुमचं नाव लावलं असतं तर नोकरी गेली असती तुमची… आन् बाईला टीव्हीवर दुसरं काय म्हणून हाक मारणार—"

"विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का? विचारलंत?"

तो पुन्हा 'आवो… आवो…' करायला लागला. तो असा अडखळला की मला अजून राग यायचा.

"साहेब असाल तुमच्या घरी," मी म्हटलं आणि प्लग काढला. खाडकन! पलीकडे म्हणे त्यालाही क्षणभर कळलं नाही की हे नाटक नाही.

त्यानंतर दर गुरुवारी रुक्मिणी विचारायची, "देऊ?" आणि मी म्हणायची, "नको." हिवाळा गेला, उन्हाळा गेला. तो दर गुरुवारी कॉल लावतच होता. मी रात्री उशीत तोंड खुपसून म्हणायची, लावू दे, लावू दे, मरू दे. आणि गुरुवारी लाल दिव्याकडे बघत बसायची. स्वतःचाच इतका राग यायचा म्हणून सांगू!

पंच्याहत्तरच्या जूनमध्ये आणीबाणी आली. आमच्या ट्रंक कॉलच्या हॉलमध्ये एक खुर्ची वाढली आणि त्यावर सफारीतला एक माणूस येऊन बसायला लागला. कुणाचा, कुठला, कुणी सांगितलं नाही. कानाला आणखी एक हेडफोन लावून तो आमच्या लाइनींवरचं बोलणं ऐकत बसायचा. रॉकेलच्या रांगेतल्या बाया हळू आवाजात बोलायला लागल्या. दादांच्या शाळेतले एक मास्तर एका सकाळी आलेच नाहीत. भिंतींवर शिस्तीच्या पाट्या लागल्या. मला ओरडावंसं वाटायचं, आणि ओरडायला कुणी नव्हतं.

श्रावणात एका गुरुवारी रुक्मिणी म्हणाली, "वच्छला, आज नाही म्हणू नकोस. आवाज बघ त्याचा कसा आहे."

मी सफारीवाल्याकडे बघितलं. त्याचे कान हेडफोनमध्येच होते. मी लाइन घेतली.

"वच्छलाबाई…" तोच तो बारीक, स्वतःचा आवाज. "इचारायला फोन केलाय. म्हागं इचारलं न्हवतं, त्ये चुकलं. म्हणून आता इचारतो."

"काय?"

"टेलिव्हिजनच्या साहेबांनी बोलावलं हुतं. म्हणाले, अक्का लोकांस्नी आवडती, तिला बंद नाय करायचं. पर आता अक्कानं खूश व्हायचं. मंत्र्याचा फोन आला की म्हणायचं, साहेब, समदं कसं येळंवर चाललंय, आमच्या तक्रारी मिटल्या. त्येंनी लिवून दिलंय. तसं केलं तर कायमची नोकरी, राहायला जागा. न्हाय केलं तर…" तो थांबला. "शनवारी थेट कार्यक्रम हाय. ह्यो आवाज तुमचा हाय, वच्छलाबाई. तुमी व्हय म्हणालात तर व्हय, न्हाय म्हणालात तर न्हाय."

सफारीवाला खुर्चीत पुढे झुकला होता. गोदावरीबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर बोट टेकवलं. गप्प बस, असंच सांगत होत्या त्या. बाकीच्या मुलींचे हात प्लगवरच थांबले होते.

मला सगळं दिसत होतं. माझी नोकरी, दादांची पेन्शन, त्याची जागा. मुंबईत जागा मिळाली की माणूस लग्नाचं बोलतो, हेसुद्धा दिसत होतं. खोटं कशाला बोलू?

पण माझा आवाज… आणि त्यात ते शब्द!

"नाही!" मी म्हटलं. "नाही म्हणजे नाही! ऐका, जो जो ऐकत असेल त्यानं ऐका! माझा राग मी रेशनच्या रांगेत उभी राहून कमावलाय. तो मी कुणाच्या सांगण्यावरून खुशीत बदलून देणार नाही. आमच्या तक्रारी मिटल्या? कुणाच्या मिटल्या? आमचे मास्तर कुठे आहेत ते सांगा आधी! तुम्हाला नोकरी हवी असेल तर खुशाल मंत्र्याच्या आवाजात मंत्र्याचं कौतुक करा. दुसऱ्याच्या आवाजात बोलायची सवयच आहे तुम्हाला. पण माझ्या तोंडी ते घालायचं नाही. घातलंत तर ह्या जन्मी तोंड बघणार नाही तुमचं!"

सफारीवाला उठून उभा राहिला. "नाव काय हिचं?"

गोदावरीबाई शांतपणे म्हणाल्या, "नाव मी देते. पण साहेब, मुलीचा आवाजच मोठा आहे. लाइन खराब असली की ओरडावं लागतं आम्हाला." त्यांनी पुढे होऊन स्वतःच्या हातानं माझा प्लग काढला.

शनिवारी संध्याकाळी माझी ड्यूटी होती. बदलीचा हुकूम निघालाय असं सकाळीच कानावर आलं होतं, कुठे ते कळलं नव्हतं. सफारीवाला चहाला गेला आणि पुण्याचा दिवा लागला.

"वच्छला, मी रुक्मिणी. आज माझी सुट्टी आहे. आमच्या वरच्या मजल्यावर डॉक्टर राहतात, त्यांच्याकडे टीव्ही पण आहे आणि फोन पण. मी रिसीव्हर टीव्हीपुढे धरतेय. बोलू नकोस, नुसतं ऐक."

खरखर झाली. मग लोकांचं हसू. आणि मग एक बाई बोलायला लागली. ती बाई म्हणजे मी! तोच चढा सूर, वाक्याच्या शेवटी तोच झटका. मुंबईहून पुण्याच्या टीव्हीत आणि तिथून फोनात शिरून माझा आवाज माझ्याच कानात येत होता. पहिला विचार काय आला माहितीय? मी एवढी किरकिरते? अस्सा राग आला!

मग मंत्र्याचा भारदस्त आवाज. "काय अक्का, आता तरी खूश ना?"

माझ्या बोटांत प्लगची दोरी गुंडाळली गेली होती.

"साहेब," अक्का म्हणाली, "मला खूश व्हायला सांगितलंय. काय बोलायचं ते लिहून पण दिलंय." लोक हसले. अक्का थांबली. आणि मग तो बायकी सूर गळून पडला. बारीक, अडखळणारा, मंगळवेढ्याचा आवाज आला. "पर ज्या बाईचा ह्यो आवाज हाय… तिला म्या इचारलं. ती न्हाय म्हणाली. तिनं न्हाय म्हणल्यावर… मीबी न्हाय म्हणतो. रांग म्हंजी रांग. तुमी तिच्याम्होरं न्हाय जाऊ शकत, साहेब."

खट्. आणि सतार वाजायला लागली.

"पाटी लावली गं," रुक्मिणी रडत म्हणाली. "व्यत्ययाची."

मी बोर्डावर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडले. राग होता तो. असल्या माणसावर इतके महिने फोन न घेता रुसून बसले, त्याचा राग.

त्याला दोन दिवस कुठेतरी बसवून प्रश्न विचारले आणि सोडून दिलं. टेलिव्हिजनचं दार बंद झालं. सत्त्याहत्तरनंतर बोलावलं पुन्हा, ती गोष्ट वेगळी. पण अक्काची एकही टेप कुणी ठेवली नाही. सोलापुरात टीव्ही आला तेव्हा बघायला काही उरलेलंच नव्हतं. अख्ख्या मुंबईनं मला बघितलं आणि मी नाही, ह्याचा राग अजून गेलेला नाही.

माझ्या बदलीचा हुकूम आला. शिक्षा म्हणून लहानशा एक्स्चेंजला टाकलं होतं. मंगळवेढ्याला! वाचताना गोदावरीबाईंच्या ओठाचा कोपरा हलला, एवढंच. वर कुणाला काय माहीत, महिपती कुठला!

मी ट्रंक आणि वळकटी घेऊन एसटी स्टँडवर बसले होते. दादा तिकिटाच्या रांगेत होते. नेहमीसारखी गर्दी, पण नेहमीसारखा गलका नव्हता. फलाटावर एक हवालदार काठी हातात घेऊन फिरत होता. वरचा कर्णा खरखरला आणि तिथला पुकारणारा संगप्पा म्हणाला, "मंगळवेढ्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे." मग कुणीतरी माईक हातात घेतल्याचा आवाज झाला.

"मंगळवेढ्याला जाणाऱ्या… बाईस्नी… इनंती हाय, की…"

मी उभी राहिले.

"…की… म्हंजी… म्या…"

पुढे शब्दच नाही! अख्खं स्टँड कर्ण्याकडे तोंड करून उभं. श्वास तेवढा ऐकू येत होता. आणि मला माहीत होतं, तिकडे आत बटण पिरगळणं चाललंय. मला अशी तिडीक आली! मंत्र्याला सरळ तोंडावर नाही म्हणता येतं आणि हे एक वाक्य धड सांगता येत नाही? मी ट्रंक तिथंच टाकली आणि तरातरा केबिनमध्ये घुसले. संगप्पा मला बघून भिंतीला चिकटला.

माझ्या बदलीचं रुक्मिणीकडून कळून आलेला महिपती वाळला होता. दाढी वाढली होती. डोळे तेच होते.

"काय म्हणायचंय ते एकदा म्हणून टाका!"

"मुंबई ग्येली," तो म्हणाला. "नोकरी ग्येली. आवाज तेवढा ऱ्हायलाय, त्यो तुमचा. माझ्या सोताच्या आवाजात बोलायला गेलं की… हे असं हुतं."

"त्या शनिवारी बोललात की!"

"तवा तुमी ऐकत न्हाय असं वाटलं हुतं."

मला हसावं की रडावं कळेना. "खरं सांगा. तुम्हाला माझा राग पाहिजे की मी?"

त्यानं बटण सोडलं. सरळ माझ्याकडे बघितलं. "तुमी. राग न्हाय आला तरी चालंल. दर गुरवारी रागासाठी फोन केला आसंल, पर आठ-नऊ म्हैने तुमी एक शबूद बोलला न्हाय, तरी लावतच हुतो की. त्यो कशापायी?"

बाहेर फेटे, टोप्या, पदर, सगळे खिडकीला डोळे लावून. हवालदारही आला होता, काठी काखेत धरून.

"वच्छलाबाई," महिपती एकदम घाबरून म्हणाला, "माईक चालू हाय."

"माहितीय. आत येतानाच बघितलंय मी," मी म्हटलं आणि माईक माझ्याकडे ओढला. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं! ह्या माणसाशी मी लग्न करणार आहे. ज्याची हरकत असेल त्यानं रांगेत उभं राहावं."

टाळ्या पडल्या. तिकिटाच्या खिडकीपाशी दादा चष्मा पुसत होते. रांगेत कुणी उभं राहिलं नाही. हवालदार तेवढा पुढे आला, घसा साफ केला आणि म्हणाला, "बाई, मंगळवेढ्याची गाडी सुटाय लागलीया. दोघं जाणार आसाल तर पळा की!"